उणे आलेला आकडा

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटचे नाव कापसाच्या व्यापारात शतकाहून अधिक काळ गाजत आले आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, तेव्हा इकडे भाव चढले आणि शेतकरी कपाशीकडे वळला. भाव वाढला की पेरा वाढतो, हे सूत्र तेव्हापासून कोणासही पटावे असे. १९५८ मध्ये मार्क नेर्लोव्ह यांनी त्याला गणिती रूप दिले व १९६३ मध्ये राज कृष्ण यांनी ते पंजाबातील पिकांना लावून पाहिले.

मात्र कोरडवाहू मुलखातील आकड्यांवर हेच समीकरण चालविले, तर भावाचा गुणक उणे निघू शकतो. मृगाचा पाऊस, सावकाराचे देणे, सोसायटीचे कर्ज यांवर पेरा ठरतो आणि यांतील निम्मे तक्त्यात येतच नाही. शिवाय भाव कोणता धरावयाचा? १९७२ पासून राबविलेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेत हमी भाव आधी व बोनस मागाहून, अशी रीत होती. शेतकऱ्याच्या मनातील भाव दप्तरात कसा सापडावा?

अशा वेळी संख्याशास्त्रज्ञ गुणकावरच अट घालतो: तो शून्याखाली जाता कामा नये. असे अटबद्ध अंदाज कसे काढावेत, याची रीत जज व ताकायामा यांनी १९६६ मध्ये मांडली. अट खरी असेल, तर अंदाज सत्याच्या जवळच सरकतो. तेव्हा या रीतीला लबाडी म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु मूळ गुणक उणे असेल, तर अटबद्ध उत्तर नेमके कुंपणावर, म्हणजे शून्यावर येऊन थांबते. हे शून्य शेतकऱ्याने दिलेले नसते, अटीने दिलेले असते. नेहमीचे प्रमाण-दोषाचे कोष्टकही तेथे लागू पडत नाही. मंत्रालयात मात्र त्याचा अर्थ सरळ लावला जाण्याचे भय आहे: वर्ध्याचा शेतकरी भावाला दाद देत नाही, मग हमी भाव वाढवून उपयोग काय? म्हणूनच अट न घालता आलेला आकडा शेजारी छापण्याचा आग्रह धरला पाहिजे, तो कितीही अडचणीचा असो.

सगळ्या अटी सारख्या भक्कम नसतात, हेही ध्यानात घ्यावे. खताचा गुणक उणे नसावा, ही अट ओलिताच्या शेतात सहसा चालेल. पावसाने ताण दिलेल्या हलक्या जमिनीत जादा खताने पीक करपते. तेथे ती अट घालणाऱ्याने आधी बांधावर जाऊन यावे.