फेल्ट, पाते आणि देवनागरी अक्षर

लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात आणि उष्णता, ओलावा व घर्षण मिळाले की ते एकमेकांत अडकून न विणताच घट्ट थर तयार होतो. हाच नमदा, म्हणजे फेल्ट. सनगर विणकरांची घोंगडी लोकरीचीच असली, तरी ती मागावर विणून चिंचोक्याच्या खळीने कडक केलेली असल्याने या वर्गात बसत नाही. बाजारातील स्वस्त फेल्ट शीट बहुधा पॉलिएस्टरच्या असतात आणि त्या तंतूंना खवले नसल्यामुळे काटेरी सुयांनी पुनःपुन्हा टोचून ते गुंतवावे लागतात.

उभे-आडवे धागेच नसल्याने फेल्टची कापलेली कड उसवत नाही. राज्य शासनाच्या 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने मखरातील थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून या गुणाचे मोल वाढले. बदलापूर पश्चिमेच्या मांजर्लीसारख्या वस्तीत घरबसल्या तोरणे आणि नावाच्या पाट्या करू पाहणाऱ्याला म्हणूनच संगणकाच्या आज्ञेवर चालणारे छोटे कटिंग यंत्र खुणावते.

मात्र जी गुंतागुंत कड सांभाळते, तीच पात्याला छळते. साध्या यंत्रातील पाते कागदासाठी योजलेले असते. ते टोकावर ओढले जाते आणि वळणावर मागून फिरते, त्यामुळे मऊ फेल्टचे तंतू कापले जाण्याऐवजी पुढे रेटले जातात आणि कडेला लव उभी राहते. यावरचा जुना उपाय शिंप्यांचाच आहे: फेल्टच्या मागे इस्त्रीने बक्रम चिकटवून त्याला ताठपणा द्यायचा. दुसरा उपाय 2017 मध्ये आलेल्या ‘क्रिकट मेकर’ या कटिंग यंत्राने दिला, त्यातील चकतीसारखे गोल पाते कापडावरून लोळत, वरून दाब देत कापते. पण या पात्याला वळायला जागा लागते आणि सुमारे 19 मिलिमीटरपेक्षा लहान आकारासाठी उत्पादक ते सुचवत नाही.

ही मर्यादा मराठी पाटीला विशेष जाचते. ‘ष’च्या पोटातली पोकळी किंवा अनुस्वाराचे टिंब मोठ्या अक्षरातही लहानच राहते, अशा जागी बक्रम लावून टोकदार पातेच वापरावे लागते किंवा टिंब कात्रीने वेगळे कापून चिकटवावे लागते. शिवाय अक्षर आणि शिरोरेषा हे सुटे आकार एकमेकांवर आलेले असतील, तर यंत्र दोन्हींच्या कडा कापते आणि शब्दाचे तुकडे होतात. त्यासाठी इंकस्केपसारख्या मोफत प्रणालीत शब्द लिहून, त्याचे रेषांत रूपांतर करून, सगळे आकार आधी एकसंध करणे श्रेयस्कर.

शीट ज्या चिकट मॅटवर बसते, तिच्यावर फेल्टची लव साचून पकड लवकर सैल होते. फेल्टसाठी वेगळी मॅट ठेवणे हाच किफायतशीर मार्ग आहे. एखाद्याच तोरणासाठी कात्री पुरते. यंत्र घ्यावे ते एकच आकार पन्नासदा हवा असेल तेव्हा, आणि तेव्हाही शीटच्या कोपऱ्यात छोटा चौकोन कापून दाब तपासल्याखेरीज पूर्ण नक्षीला हात घालू नये.