संहनन आणि आपले सांधे

नामकर्माच्या प्रकृती पाठ करताना 'संहनन' या शब्दापाशी आपण सहसा थांबत नाही. वज्रवृषभनाराच, वज्रनाराच, नाराच, अर्धनाराच, कीलित आणि असंप्राप्तासृपाटिका ही सहा नावे म्हणून पुढे जातो. नावे अवघड असली तरी विषय अगदी घरातला आहे. हाडे परस्परांशी कशी बांधली आहेत, याची ही उतरती भाजणी होय. पहिल्यात हाडे, वेष्टन आणि खिळे सारेच वज्रासारखे; पाचव्यात हाडे खिळल्यासारखी; सहाव्यात मात्र हाडे परस्परांत अडकलेली नसतात, शिरा व स्नायूंनी बाहेरून बांधलेली असतात.

आजचे शरीरशास्त्रही बांधणीवरूनच सांध्यांचे वर्ग पाडते. कवटीची हाडे तंतूंनी शिवल्यासारखी घट्ट असतात. दात जबड्यात खिळ्यासारखा रुतलेला असतो. पाठीच्या मणक्यांमध्ये कूर्चेच्या चकत्या असतात, म्हणून कणा थोडाच वाकतो. खरी हालचाल होते ती तिसऱ्या वर्गात. तेथे दोन हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा, मध्ये वंगणासारखा द्रव आणि बाहेरून अस्थिबंधांची आवळण असते. हे वर्णन सहाव्या संहननाच्या किती जवळ जाते! आगमात आधुनिक विज्ञान शोधण्याचा अट्टहास मला मान्य नाही. तरी मौज अशी, की ज्याला आपण सर्वांत दुबळी बांधणी म्हणतो, तिच्यामुळेच हात जोडता येतात आणि गुडघे टेकता येतात.

आपल्या नित्य क्रियांतच हे सांधे पाहावेत. जपमाळेचा मणी ओढणारा अंगठा खोगिराच्या आकाराच्या सांध्यावर फिरतो. मान वळते ती पहिल्या दोन मणक्यांच्या खुंटीवर. कोपर बिजागरीप्रमाणे चालते, तर खांदा आणि खुबा उखळीतल्या गोळ्याप्रमाणे फिरतात. सुश्रुताने 210 सांधे मोजून त्यांचे आठ प्रकार केले, त्यांतील एकाचे नावच 'उलूखल', म्हणजे उखळ, आहे.

पद्मासनाविषयी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. त्यात फिरायला हवा तो खुबा. खुबा आखडलेला असताना पाय बळाने ओढला, की सारा पीळ गुडघ्यावर येतो आणि आतील कूर्चेच्या गाद्या फाटू शकतात. गुडघा मूलतः वाकण्यासाठी आहे, पिळण्यासाठी नव्हे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. हालचालीने आत-बाहेर होणाऱ्या द्रवातूनच तिचे पोषण होते. म्हणून तरुणांनी मांडी घालण्याची सवय मोडू नये, आणि झिजलेल्या गुडघ्यांनी हट्ट धरू नये.

आमच्या राणीसावरगावाकडे पंगत असो वा प्रवचन, बसणे जमिनीवरच. साठी उलटली की अनेकांना ते जमत नाही. खुर्ची मागायची लाज वाटते, म्हणून ही मंडळी येणेच सोडतात. जिंतूरच्या नेमगिरीला गुंफांत वाकून शिरावे लागते, म्हणून ती यात्राही सुटते. हा तोटा गुडघ्यांच्या दुखण्यापेक्षा मोठा आहे. पुण्याचे अस्थिशल्यविशारद डॉ. कांतिलाल हस्तीमल संचेती यांनी भारतीय रुग्णांसाठी 'इंडस' हा कृत्रिम गुडघा विकसित केला. त्यांना 2012 मध्ये पद्मविभूषण मिळाले. तरीही सांधा बदलल्यावर बहुतेकांना जमिनीवर बसणे टाळण्याचाच सल्ला दिला जातो.

यात कमीपणा कसला? तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ध्यानाची व्याख्या करतानाच उत्तम संहननाची अट घातली आहे. ती संहनने या पंचमकाळात कोणाचीच नाहीत, खुर्चीवरच्या आजोबांची नाहीत आणि सतरंजीवरच्या नातवाचीही नाहीत. सामायिकाचा संबंध समभावाशी आहे, गुडघा किती अंशांत वाकतो याच्याशी नाही.

मंदिरात चार-सहा खुर्च्या कायम असाव्यात. त्यांना हात असावेत आणि पाय जमिनीला टेकतील इतकीच त्यांची उंची असावी. त्या दाराजवळ भिंतीला लावून न ठेवता इतरांच्याच ओळीच्या कडेला मांडाव्यात.