माण कोणते? तालुका की गाव?

सातारा जिल्ह्यात माण तालुका आहे. दहिवडी हे त्याचे मुख्य ठिकाण. पुणे जिल्ह्यात, मुळशी तालुक्यात हिंजवडीला लागून माण नावाचे गावही आहे. पत्रावर नुसते 'माण' लिहिले तर ते कोठे जाईल? म्हणून आपण तालुका, जिल्हा लिहितो. संगणकाच्या आज्ञावलीतही हाच प्रश्न उद्भवतो.

मोठी आज्ञावली अनेक फायलींत विभागून लिहितात. सी भाषेत 'कंपायलर' प्रत्येक फाईल स्वतंत्रपणे यंत्रभाषेत उतरवतो. दुसऱ्या फायलीतील फंक्शन कोठे आहे, हे त्याला ठाऊक नसते. तो तेथे फक्त नाव नोंदवतो व पत्त्याची जागा मोकळी सोडतो. त्यानंतर 'लिंकर' सर्व फायलींतील नावे जुळवून त्या जागी पत्ते भरतो.

समजा, एका फायलीत पावसाची सरासरी काढणारे 'सरासरी' नावाचे फंक्शन आहे आणि दुसरीत त्याच नावाचे, पण गुणांची सरासरी काढणारे. लिंकर तक्रार करून थांबतो. हे चांगलेच, चूक तेथेच कळते. पण दुसरे फंक्शन तयार 'लायब्ररी'त असेल तर? लिंकरला ते नाव तुमच्या फायलीत आधीच मिळालेले असते, म्हणून तो लायब्ररीत ते शोधत नाही. मग लायब्ररीतील इतर फंक्शनेही 'सरासरी' मागताच त्यांना तुमचेच मिळते. तक्रार नाही, पण उत्तर चुकते! सीमध्ये लिंकर केवळ नाव पाहतो. फंक्शन पूर्णांक घेते की अपूर्णांक, हे तपासत नाही.

यावर उपाय काय? फंक्शनच्या आधी 'स्टॅटिक' लिहिले की त्याचे नाव त्या फायलीपुरतेच राहते. सी प्लस प्लस भाषेच्या १९९८ च्या पहिल्या प्रमाण आवृत्तीत 'नेमस्पेस', म्हणजे नावांचे क्षेत्र, ही सोय आहे. जसे 'सातारा::माण' आणि 'मुळशी::माण'. कंपायलर क्षेत्राचे नाव व फंक्शनला लागणाऱ्या राशींचे प्रकार एकत्र गुंफून एक लांब नाव लिंकरला देतो. यातही एक मेख आहे. सीमध्ये लिहिलेले फंक्शन सी प्लस प्लसमधून बोलावल्यास ते लांब नाव कोठेच सापडत नाही. तेथे 'एक्स्टर्न सी' असे लिहून साधेच नाव ठेवण्यास सांगावे लागते.

करून पाहा : सी भाषेत दोन फायलींत एकाच नावाची फंक्शने लिहा. लिंकरची तक्रार वाचा. मग एकाला 'स्टॅटिक' लावा. तक्रार का नाहीशी झाली, ते आता तुम्हीच सांगा!