मोबाईलमधील खुली कार्यप्रणाली

मोबाईल आतां आपल्या मोताळ्यांतही घरोघर दिसतो. परंतु त्याच्या आंत काय चालतें, हें जाणण्याची जिज्ञासा थोड्यांसच असते.

मोबाईलकडून सर्व कामें करवून घेणाऱ्या मूळ आज्ञावलीस ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. जिचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, वाचण्यास, बदलण्यास व वाटण्यास सर्वांस मोकळीक असते, ती 'ओपन सोर्स' होय.

मोझिला या संस्थेनें सन २०११ मध्यें अशी एक प्रणाली रचण्यास आरंभ केला. तीच पुढें 'फायरफॉक्स ओएस' या नांवानें प्रसिद्ध झाली. तिचे थर तीन. तळाशीं 'गाँक', त्यांत लिनक्सचा गाभा असून तो यंत्राचे भाग सांभाळी. मध्यें 'गेको'; तें वेबपानें पडद्यावर उमटवी. सर्वांत वर 'गाया', म्हणजे आपणांस दिसणारें दर्शनी रूप.

तिच्यासाठीं ॲप लिहिण्यास निराळी भाषा शिकावी लागत नसे. वेबपानाचीच साधनें पुरत: एचटीएमएलनें मांडणी, सीएसएसनें रंगरूप व जावास्क्रिप्टनें क्रिया. सोबत 'मॅनिफेस्ट' नांवाची लहानशी फाईल जोडावयाची. तींत ॲपचें नांव, चिन्ह व लागणाऱ्या परवानग्या नमूद करावयाच्या. कपाशीच्या वेचणीचा हिशेब ठेवणारें ॲप करावयाचें झाल्यास एवढी सामग्री पुरेशी होती.

ऑगस्ट २०१४ मध्यें या प्रणालीचा फोन भारतांत १,९९९ रुपयांस मिळूं लागला. परंतु व्यापारांत तिला यश आलें नाहीं, व डिसेंबर २०१५ मध्यें मोझिलानें असे फोन विकणें थांबविण्याचें जाहीर केलें. कोड कुलुपांत असता, तर सारे श्रम तेथेंच मातीस मिळाले असते. तो खुला असल्यामुळें दुसऱ्यांनीं त्यावरूनच 'कायओएस' ही प्रणाली उभारली. आणि २१ जुलै २०१७ रोजीं मुंबईंत जाहीर झालेल्या, १,५०० रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीच्या जिओफोनमध्यें ती अवतरली. मूळ कर्त्यानें हात काढून घेतला, तरी विद्या जिवंत राहिली.

मात्र खुलेपणा आपोआप टिकत नाहीं. कायओएसचे सर्वच भाग खुले राहिले नाहींत. म्हणून दुसऱ्याचा कोड घेतांना त्याचा परवाना आधीं वाचावा, व आपला कोड देतांना परवाना विचारपूर्वक निवडावा.

ज्यास या विद्येची गोडी असेल, त्यानें प्रथम एक साधें वेबपान स्वहस्तें लिहावें. आणि पालकहो, मुलाच्या हातीं मोबाईल दिसतांच रागावण्यापूर्वीं एवढेंच विचारावें, "बाळ, तूं नुसतें पाहतोस, कीं कांहीं घडवितोस?"