अंगावरील मापकांची पूर्वपरीक्षा

मनगटावर वा बोटावर बसविलेली मापके नाडीचे ठोके, शरीराचे तापमान व रक्तातील प्राणवायू यांची नोंद करतात. या नोंदींवरून धोक्याची सूचना देणारी संगणकीय योजना एकदम रुग्णावर वापरणे इष्ट नव्हे. पेरणीपूर्वी बियाण्याची उगवणशक्ती तपासतात, त्याप्रमाणे अशी योजना आधी कृत्रिम नोंदींवर तपासली जाते.

या नोंदी संगणकच तयार करतो. नाडी मिनिटास ७२ वरून १५० पर्यंत चढविली की सूचना वेळेवर मिळते किंवा नाही, हे कोणाच्याही जिवास धोका न पोहोचता कळते.

मात्र नोंदी फार निर्दोष असू नयेत. कुदळ मारताना हात हलतो, घाम येतो, पट्टा सैल होतो. हे दोष त्यांत मुद्दाम मिसळावे लागतात. त्वचेचा वर्णही विचारात घ्यावा लागतो. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, प्राणवायूची कमतरता बोटावरील मापकाच्या नजरेतून निसटण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या सुमारे तिप्पट होते.

म्हणून आकडा ठीक दिसला तरी धाप वा घेरी आलेल्या माणसास ताबडतोब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.