घरचा संगणक : विषाणू आणि हेर आज्ञावलींपासून संरक्षण

संगणक ही वस्तू आता केवळ कचेरीची राहिलेली नाही. शिक्षकांच्या घरी विद्यार्थ्यांच्या नोंदी आणि गुणपत्रके याच यंत्रावर तयार होतात. पंचायत सदस्यांच्या घरी सभेची टिपणे आणि लाभार्थ्यांच्या याद्या त्यात साठविलेल्या असतात. त्याच यंत्रावर मुले अभ्यास करतात, खेळ खेळतात आणि वडीलधारी मंडळी बँकेचे व्यवहार उरकतात. कचेरीतील संगणकाची देखभाल करण्यासाठी निदान कोणाची तरी नेमणूक असते. घरच्या संगणकाला असा राखणदार नसतो. तो बिघडला म्हणजे गावातील दुरुस्तीच्या दुकानात जातो, तेथे त्यातील सर्व माहिती पुसून त्याला नव्याने चालू केले जाते आणि दहावीच्या वर्गाची तीन वर्षांची कागदपत्रे किंवा घरातील लग्नाची छायाचित्रे कायमची नाहीशी होतात. हे नुकसान बहुतेक वेळा टाळता येण्याजोगे असते.

विषाणूचे स्वरूप

संगणकाचा विषाणू हा सजीव नाही, हे सांगण्याची आवश्यकता नाही. तथापि तो आपोआप निर्माण होतो, हा समज मात्र अजून पुष्कळ ठिकाणी आढळतो. विषाणू ही माणसाने हेतुपुरस्सर लिहिलेली आज्ञावली, म्हणजेच प्रोग्राम असतो. दुसऱ्या आज्ञावलीत किंवा साठवणीच्या तबकडीत स्वतःची प्रत घुसविणे हे त्याचे मुख्य लक्षण होय. अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात फ्रेड कोहेन यांनी १९८३ साली अशा आज्ञावलीचे प्रात्यक्षिक करून दाखविले व त्यांच्या संशोधनामुळे ‘विषाणू’ हे नाव या क्षेत्रात रूढ झाले.

बोलण्याच्या ओघात सर्वच उपद्रवी आज्ञावलींना विषाणू म्हटले जात असले, तरी त्यांच्या जाती निरनिराळ्या आहेत. ‘वर्म’ किंवा कृमी हा कोणाच्या मदतीवाचून जाळ्यातून एका संगणकावरून दुसऱ्यावर जातो. ‘ट्रोजन’ हा उपयुक्त वस्तूचे सोंग घेऊन येतो आणि घरधन्याकडूनच दार उघडून घेतो. ‘स्पायवेअर’ म्हणजे हेर आज्ञावली. ही काहीही बिघडवीत नाही, आणि म्हणूनच ती अधिक घातक समजली पाहिजे. संगणक नेहमीसारखा चालतो, परंतु कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ, बँकेचा पासवर्डही, दूर कोठेतरी कळविली जात असते. विषाणूचा रोगी निदान कण्हतो तरी. हेर शिरलेला संगणक मात्र ठणठणीत दिसतो.

फ्लॉपीपासून पेन ड्राइव्हपर्यंत

या उपद्रवाचा इतिहास आपल्या परिसराशी निगडित आहे. आयबीएम धर्तीच्या वैयक्तिक संगणकांवर पसरलेला पहिला विषाणू ‘ब्रेन’ हा १९८६ साली लाहोर येथील दोन भावांनी लिहिला होता. त्यानंतर चार वर्षांनी, १९९० साली, भारतात ‘जोशी’ नावाचा विषाणू आढळला. दरवर्षी ५ जानेवारीस तो संगणक अडवून ठेवी आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ ही अक्षरे टंकलिखित केल्याशिवाय काम पुढे सरकू देत नसे. आज हा प्रकार गमतीचा वाटेल. परंतु फ्लॉपीच्या ज्या भागावरून संगणक सुरू होतो त्या भागात हा विषाणू दडून बसे, आणि कळा दाबून संगणक पुन्हा सुरू केला तरी स्मृतीत टिकून राही. वीजपुरवठा पूर्ण बंद केल्याशिवाय तो हटत नसे. विषाणू लिहिणारे किती बारकाईने विचार करतात, याची कल्पना त्यावरून यावी. याच सुमारास पुण्यात गणकयंत्रे दुरुस्त करण्याचा व्यवसाय करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर हे विषाणू काढून टाकणाऱ्या आज्ञावलीकडे वळले. त्यांची ‘क्विक हील’ ही आज्ञावली १९९५ साली बाजारात आली.

फ्लॉपी गेली व तिची जागा पेन ड्राइव्हने घेतली. मार्ग मात्र तोच राहिला. ग्रामीण भागात आजही छपाईसाठी किंवा झेरॉक्ससाठी पेन ड्राइव्ह दुकानात नेला जातो. दिवसभरात अनेकांचे पेन ड्राइव्ह लागलेल्या त्या संगणकातून विषाणू घरी येतो. घरी आल्यावर असे दिसते की पेन ड्राइव्हमधील प्रत्येक फोल्डरच्या चित्रावर लहानसा बाण उमटला आहे. येथे घडलेले असते ते असे : मूळ फोल्डर विषाणूने लपविलेला असतो आणि त्याच नावाचा, त्याच चित्राचा एक ‘शॉर्टकट’ त्याच्या जागी ठेवलेला असतो. त्यावर टिचकी मारताच प्रथम विषाणू चालतो आणि मग मूळ फोल्डरही उघडतो. काम होऊन जाते, त्यामुळे संशय येत नाही. असा बाण दिसताच काहीही न उघडता विषाणूनाशक आज्ञावलीकडून पेन ड्राइव्ह तपासून घ्यावा. पेन ड्राइव्ह कोरा करण्याची घाई करू नये. आतील कागदपत्रे बहुधा नष्ट झालेली नसतात, केवळ लपविलेली असतात.

नावाच्या शेवटची अक्षरे

दुसरा मार्ग टपालाचा. ४ मे २००० रोजी फिलिपाईन्समधून निघालेल्या ‘आय लव्ह यू’ या कृमीने जगभरातील लक्षावधी संगणक ग्रासले. त्यासोबतच्या फाइलीच्या नावाचा शेवट ‘टीएक्सटी’ व त्यापुढे ‘व्हीबीएस’ असा होता. पहिली अक्षरे साधा मजकूर दर्शवितात, शेवटची चालणारी आज्ञावली दर्शवितात. विंडोज प्रणाली नावातील शेवटची अक्षरे सामान्यतः लपविते. त्यामुळे वाचणाऱ्यास ते निरुपद्रवी पत्र वाटले. ही अक्षरे दाखविण्याची सोय संगणकाच्या रचनेतच असते आणि ती प्रत्येकाने सुरू करून घ्यावी. छायाचित्र किंवा शासन निर्णय म्हणून आलेल्या फाइलीच्या शेवटी ‘ईएक्सई’ असल्यास ते छायाचित्रही नव्हे व शासन निर्णयही नव्हे. हीच युक्ती आता मोबाईलवर आली आहे. लग्नाची निमंत्रणपत्रिका, वाहतूक दंडाची पावती किंवा शेतकरी योजनेची यादी या नावाने व्हॉट्सॲपवर येणाऱ्या फाइलीचा शेवट ‘एपीके’ असा असेल, तर ती पत्रिका नसून मोबाईलमध्ये बसणारी आज्ञावली असते. बँकेचे संदेश वाचून सांकेतिक क्रमांक परस्पर पळविणे हा तिचा नेहमीचा उद्योग. असा निरोप ओळखीच्या माणसाकडून आला, एवढ्यावरून विश्वास ठेवता येत नाही. त्याचाच मोबाईल आधी बळी पडलेला असण्याचा संभव असतो.

तिसरा मार्ग फुकटाच्या मोहाचा. विकतची आज्ञावली फुकट चालावी म्हणून जी ‘क्रॅक’ नावाची किल्ली मिळविली जाते, तिच्यासोबत हेर येण्याची शक्यता फार मोठी असते. ती बसविताना विषाणूनाशक काही काळ बंद ठेवा, अशी सूचना असते. चोराने कुत्रा बांधून ठेवण्यास सांगावे आणि मालकाने तो बांधावा, असाच हा प्रकार आहे. मराठी टंकलेखनाची साधने व फॉण्ट हेदेखील अनोळखी ठिकाणाहून उतरवून घेण्याचे कारण नाही, कारण विंडोजमध्ये युनिकोड मराठीची सोय मुळातच दिलेली आहे.

दुरुस्तीकडे दुर्लक्ष

विषाणूनाशक आज्ञावली दोन प्रकारे काम करते. पूर्वी सापडलेल्या विषाणूंच्या खुणा तिच्याजवळ, पोलिसांजवळील बोटांच्या ठशांप्रमाणे, नोंदविलेल्या असतात आणि प्रत्येक फाइल त्यांच्याशी ताडून पाहिली जाते. नव्या विषाणूचा ठसा नसतो. तेथे त्याच्या संशयास्पद वर्तनावरून अंदाज बांधावा लागतो. म्हणून वर्षानुवर्षे अद्ययावत न केलेले विषाणूनाशक असून नसल्यासारखे होय. विंडोज ८ पासून पुढच्या आवृत्त्यांत असे संरक्षण अंगभूत आहे आणि सामान्य घरगुती वापरास ते पुरते. दोन विषाणूनाशके एकाच वेळी चालविल्यास दुप्पट संरक्षण मिळते ही समजूत चुकीची आहे; ती एकमेकांच्या कामात अडथळा आणतात व संगणक मंदावतो.

तथापि विषाणूनाशकाहूनही महत्त्वाची बाब म्हणजे मूळ प्रणालीची दुरुस्ती. विंडोजमधील एका दोषावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिली होती. जवळजवळ दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, ‘वॉनाक्राय’ या कृमीने त्याच दोषातून दीडशेहून अधिक देशांतील दोन लाखांवर संगणकांतील माहिती कुलूपबंद केली आणि सुटकेसाठी तीनशे डॉलरची मागणी केली. ब्रिटनमध्ये रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्यांनी दुरुस्ती बसविली होती ते त्या दोषापुरते सुरक्षित राहिले. त्याच वर्षी २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’चा फैलाव युक्रेनमधून झाला आणि त्याची झळ न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनललाही लागली. संगणक बंद करताना ‘अपडेट’ची सूचना आली की ती पुढे ढकलण्याची सवय फार जणांना आहे, तिची किंमत अशी असते.

अशा खंडणीखोर विषाणूवर खरा उपाय एकच, तो म्हणजे प्रत राखणे. महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि काम होताच ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. कायम जोडून ठेवलेल्या डिस्कवरील प्रतही विषाणू कुलूपबंद करतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. खंडणी दिल्याने माहिती परत मिळेलच याची कोणतीही शाश्वती नसते.

आणखी एक साधी तजवीज अशी की रोजच्या कामासाठी, विशेषतः मुलांसाठी, संगणकावर मर्यादित अधिकारांचे स्वतंत्र खाते असावे. घराच्या सर्व खोल्यांच्या किल्ल्या मुलांच्या हाती कोणी देत नाही. संगणकावर मात्र मुलगा ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून खेळत बसलेला असतो आणि त्याने टिचकी मारलेल्या आज्ञावलीस ते सारे अधिकार मिळू शकतात.

संशय आल्यास

संगणक अकस्मात मंदावणे, नको त्या जाहिराती उमटणे, विषाणूनाशक आपोआप बंद पडणे ही लक्षणे दिसल्यास प्रथम इंटरनेट तोडावे व मग संपूर्ण तपासणी करावी. पासवर्ड बदलावयाचे ते दुसऱ्या, निर्धोक यंत्रावरून. त्याच संगणकावरून बदलल्यास नवा पासवर्डही हेराच्या हाती जातो. पडद्यावर मोठा इशारा येऊन एखाद्या क्रमांकावर दूरध्वनी करण्यास सांगितले जात असेल, तर तो इशाराच फसवा समजावा. तो क्रमांक लावणाऱ्याकडून संगणकाचा ताबा दुरून घेतला जातो.

केंद्र शासनाच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले असून तेथे संगणक साफ करण्याची साधने विनामूल्य मिळतात. पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरविली जाण्यापूर्वीच ती गोठविता येते. येथे तासांचा नव्हे, मिनिटांचा हिशेब असतो. शासकीय संस्थांना मात्र २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत सर्ट-इनला कळविणे बंधनकारक आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये विषाणू घुसविण्याचा स्पष्ट उल्लेख आहे आणि ते कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले असल्यास कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

जुन्या संगणकांचा प्रश्न उरतो. विंडोज १० या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विस्तारित योजनेत नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा दुरुस्त्यांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवण्यात आली. नवी आवृत्ती पेलण्याची क्षमता नसलेली यंत्रे घरोघरी व शाळाशाळांतून आहेत. ती टाकून देण्याचे कारण नाही. लिनक्स ही प्रणाली विनामूल्य मिळते, मराठीत चालते, तिच्या दुरुस्त्या नियमित येत राहतात आणि सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ ही तिचीच भारतीय आवृत्ती आहे. तीही न जमल्यास असा संगणक इंटरनेटला न जोडता केवळ लेखनासाठी वापरावा आणि त्यावर बँकेचा व्यवहार करू नये.