वॉरंटीतील दुरुस्ती रखडली तर ग्राहकाने काय करावे?

फ्रीज, वॉशिंग मशीन किंवा मोबाइल घेताना किमतीच्या खालोखाल ग्राहक पाहतो ती वॉरंटी. वस्तू बिघडते, सर्व्हिस सेंटरमध्ये जाते आणि 'सुटा भाग मागवला आहे' या एकाच उत्तरावर आठवडे उलटतात. वॉरंटीचे महिने मात्र सरतच असतात. पनवेल शहरात खरेदी करणाऱ्या नेरे परिसरातील कुटुंबाला तर प्रत्येक चौकशीसाठी भाडे आणि अर्धा दिवस खर्चावा लागतो. अशा वेळी कायदा ग्राहकाला नेमके काय देतो, हे समजून घेणे आवश्यक आहे.

दिवसांची मर्यादा आहे का?

दुरुस्ती इतक्या दिवसांत झालीच पाहिजे, असा आकडा ग्राहक संरक्षण कायद्यात नाही. १९८६च्या कायद्यात तो नव्हता आणि जुलै २०२०मध्ये अमलात आलेल्या २०१९च्या नव्या कायद्यातही नाही. त्यामुळे 'वाजवी मुदत' हाच निकष उरतो. बिघाड कोणत्या प्रकारचा होता, ती वस्तू घरात किती गरजेची होती, एकच दोष किती वेळा उद्भवला, अशा गोष्टींवरून ती ठरते. फ्रीज महिनाभर बंद राहणे आणि एखादे शोभेचे उपकरण महिनाभर बंद राहणे, यांत फरक आहे.

सेवेतील निष्काळजीपणा ही कायद्याच्या दृष्टीने 'त्रुटी' आहे. नव्या कायद्याने आवश्यक माहिती जाणूनबुजून दडवणे हेही त्रुटीच्या व्याख्येत आणले. सुटा भाग मिळणारच नाही हे ठाऊक असताना 'दोन दिवसांत या' असे सांगत राहणे या व्याख्येत बसू शकते.

काय मागता येते?

दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे आणि नुकसानभरपाई देणे, असे आदेश जिल्हा ग्राहक आयोग देऊ शकतो. मात्र दुरुस्तीस उशीर झाला म्हणजे नवी वस्तू मिळालीच पाहिजे, असे नाही. मारुती उद्योगविरुद्धच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये स्पष्ट केले, की हमी सदोष भाग बदलून देण्याची असेल, तर त्या आधारे संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. म्हणून तक्रारीत एकच मागणी करू नये. ठरावीक मुदतीत दुरुस्ती, ती न झाल्यास बदली वस्तू किंवा परतावा, आणि झालेल्या गैरसोयीची भरपाई, अशी क्रमवार मागणी अधिक टिकते.

कागद महत्त्वाचा

वस्तू सोपवताना तारीख, बिघाडाचे वर्णन आणि शिक्का असलेली जॉबशीट अवश्य घ्यावी. तक्रार वॉरंटीच्या काळात नोंदली गेली, हे सिद्ध करणारा तोच पुरावा असतो. दुरुस्तीत गेलेले दिवस वॉरंटीत आपोआप मिळवले जातील, असे गृहीत धरू नये. तशी मागणी लेखी करावी. वस्तू परत घेताना 'समाधानकारक' अशा छापील मजकुराखाली न तपासता सही करू नये. दोष कायम असेल, तर तसा शेरा त्याच कागदावर लिहावा.

पुढची पायरी नोटिशीची. विक्रेता, सर्व्हिस सेंटर आणि उत्पादक कंपनी या तिघांनाही ईमेल आणि स्पीड पोस्टने पत्र पाठवून पंधरा दिवसांसारखी निश्चित मुदत द्यावी. कायद्यात नसलेला आकडा ग्राहक अशा प्रकारे स्वतः कागदावर आणतो. त्याच काळात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही. पण ती तक्रार कंपनीपुढे मांडते आणि अनेकदा तेवढेही पुरेसे ठरते.

आयोगाकडे कसे जावे?

नेरे रायगड जिल्ह्यात असल्याने येथील ग्राहकाचा आयोग अलिबागला आहे. पूर्वी विरुद्ध पक्षाचे कार्यालय कुठे आहे, किंवा तक्रारीचे कारण कुठे घडले, यावर अधिकारक्षेत्र ठरत असे. आता तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तिथेही तक्रार करता येते. त्यामुळे नेऱ्यात राहून वाशीला नोकरी करणाऱ्याला ठाणे जिल्ह्याचा पर्यायही खुला आहे. २०२५पासून 'ई-जागृती' या संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. वकील नेमण्याची सक्तीही नाही.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जावे. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून मुदत वाढेल, या भ्रमात राहू नये. दुसरे म्हणजे, व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूला हे संरक्षण मिळत नाही. मात्र स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याने स्वतः वापरण्यासाठी घेतलेले शिलाई यंत्र या अपवादात येऊ शकते. यंत्र बंद पडल्याने ज्याचे रोजचे उत्पन्न थांबते, त्याला हा अपवाद ठाऊक असलाच पाहिजे.

तपासणीची गरज नसलेली तक्रार तीन महिन्यांत, आणि प्रयोगशाळेच्या तपासणीची गरज असलेली पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात अधिक काळ लागू शकतो. म्हणूनच आयोगापर्यंत जाण्याची वेळ न येता प्रश्न सुटणे ग्राहकाच्याच हिताचे असते. आणि तो सुटण्याची शक्यता पहिली जॉबशीट व पहिले लेखी पत्र किती काळजीपूर्वक सांभाळले, यावर बरीचशी अवलंबून असते.